पडद्यामागील पाणी

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं लिहिलें, तेव्हां पुढील खेपेस जुन्या दिव्यांविषयीं लिहूं असें वाचकांस आश्वासन दिलें होतें. तें तूर्त बाजूस ठेवावें लागत आहे. मध्यंतरीं आमच्या घरांत एक प्रकार घडला आणि त्यांत आम्हीं एका निरपराध माणसास शिक्षा केली. हा माणूस नऊ वर्षांचा असून आमचा नातू आहे.

चिरंजीवांच्या खोलींत एक संगणक आहे. दिवसां ते त्यावर कचेरीचें काम करितात व सायंकाळीं नातू शाळेचा अभ्यास करितो. यंदा भाद्रपदांत गणपति येण्यापूर्वीं घरांत झाडलोट चालली असतां त्याच्या पडद्यावर धूळ व बोटांचे ठसे साचलेले आम्हांस दिसले. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत फळा पुसला आहे. तेव्हां पुसण्याच्या कामीं आपणांस कोणास कांहीं विचारावयाचें आहे, असें आमच्या मनांतहि आलें नाहीं. आमच्या कुटुंबाची कुंड्यांवर पाणी मारण्याची फवाऱ्याची बाटली घेतली, तींत साबणाचे दोन थेंब टाकिले, आणि सरळ पडद्यावर चांगले दहाबारा फवारे मारिले. पाण्याचे ओघळ खालच्या चौकटीपर्यंत गेले. मग जुन्या धोतराच्या फडक्यानें सर्व पुसून घेतलें. पडदा आरशासारखा लख्ख झाला. त्या वेळीं घरांत कोणी नव्हतें, त्यामुळें आमची वाहवा करावयासहि कोणी नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं चिरंजीवांनीं आम्हांस बोलावून पडदा दाखविला. डावीकडे खालच्या कोपऱ्यांत विड्याच्या पानाएवढा एक डाग पडला होता. आंतून ढगाळ, भोंवतालच्यापेक्षां किंचित् उजळ, आणि कडेला काळसर रेघ. हात फिरविला तर बोटास कांहींच लागेना. डाग कांचेच्या आंत होता. बरोबर त्याच्या खालीं, टेबलावर, अर्धवट प्यालेल्या पाण्याचें फुलपात्र! तें नातवानें आणिलें होतें, हें त्यानेंच कबूल केलें.

“आजोबा, मी पाणी प्यायलो, पण सांडलं नाहीं,” तो म्हणाला.

आम्हीं त्याचें ऐकिलें नाहीं. फुलपात्र समोर होतें, डाग समोर होता. आणखी पुरावा तो काय पाहिजे? आठ दिवस संगणकास हात लावावयाचा नाहीं, अशी शिक्षा दिली. तेवढ्यावर थांबलों असतों तरी एक वेळ चाललें असतें. परंतु सर्व मंडळींसमक्ष आम्ही असेंहि बोलून गेलों कीं, चूक क्षम्य आहे, खोटें बोलणें क्षम्य नाहीं. पोरगा रडला नाहीं. फक्त दुसऱ्या दिवसापासून सायंकाळीं तो आमच्याजवळ अमर म्हणावयास येईनासा झाला. दिवेलागणीला आईजवळ जाऊन बसे.

इकडे डाग वाढत चालला. चौथ्या दिवशीं तो तळहाताएवढा झाला. नातवानें तर चार दिवसांत त्या खोलींत पाऊलहि टाकिलें नव्हतें; मग हें वाढतें कशानें, हा प्रश्न वास्तविक तेव्हांच पडावयास पाहिजे होता.

पांचव्या दिवशीं दुरुस्तीचें काम करणारा एक तरुण कारागीर घरीं आला. त्यानें पडदा इकडून तिकडून न्याहाळला आणि अवजारें बाहेर काढण्याच्या आधींच विचारलें, “काका, पडदा पुसतं कोण?”

“परवां आम्हीं पुसला.”

“फवारा मारून?”

आम्ही गप्प राहिलों. मग त्यानें पडद्याची खालची चौकट सोडवून तिच्या आंतील खांच आम्हांस दाखविली. तींत साबणाची पांढुरकी रेघ वाळून बसली होती व एका टोंकाला अजून ओल होती. फुलपात्राविषयीं आम्हीं सांगितलें तेव्हां तो हंसला. “तें सांडलं असतं तर टेबलावर वाहिलं असतं. पडदा टेबलापासून चांगला वीतभर उंच आहे. पाणी तिथवर उडी मारणार आहे का? हें वरून ओघळलंय, काका, आणि खालून शिरलंय.”

नातू दारांत उभा होता. त्यानें सर्व ऐकिलें.

न्यायशास्त्रांत कारण कशास म्हणावें याची चर्चा करितांना कुंभाराच्या गाढवाचा दाखला देतात. घट तयार होण्यापूर्वीं गाढव तेथें होतें, माती त्यानेंच वाहून आणिली. तरी गाढव हें घटाचें कारण नव्हे. माती दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें आली असती तरी घट झालाच असता. अशा वस्तूस अन्यथासिद्ध म्हणतात. हें आम्हीं स्वतः कित्येक मुलांस समजावून दिलें आहे, आणि आमच्याच घरांत फुलपात्र दिसतांच त्या गाढवास घटाचा कर्ता ठरवून आम्ही मोकळे झालों. आदल्याच दिवशीं आपण त्या पडद्यावर दहाबारा फवारे मारिले, ही गोष्ट आठवलीसुद्धां नाहीं. आपण केली ती स्वच्छता आणि मुलानें केलें तें सांडणें, अशी वांटणी मनानें आधींच करून ठेविली होती.

असो. त्या कारागिरानें पुढील दोन तासांत जें उलगडून दाखविलें, आणि त्यावरून आम्हीं पुस्तकें चाळून जें ताडून पाहिलें, तें वाचकांस सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

पडदा म्हटला म्हणजे एक कांच असें आपण समजतों. वस्तुतः तो पोथीसारखा असतो. वर एक फळी, खालीं एक फळी आणि मध्यें सुटीं पानें. पुढची फळी म्हणजे कांचेच्या दोन पातळ चकत्या. त्यांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनहि लहान असते आणि तींत द्रव-स्फटिक नांवाचा पदार्थ भरलेला असतो. हा पदार्थ प्रथम ओळखला तो एका वनस्पतिशास्त्रज्ञानें. फ्रीड्रिख राइनित्सर हा १८८८ सालीं प्राग येथें कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवून पाहत होता. तो १४५.५ अंशांवर वितळून गढूळ द्रव झाला, आणि १७८.५ अंशांवर तोच द्रव एकाएकीं स्वच्छ झाला! एकाच पदार्थास वितळण्याच्या दोन पायऱ्या, हा त्या काळीं मोठाच अचंबा होता. मधली जी गढूळ अवस्था, तींत पदार्थ द्रवाप्रमाणें वाहतो, परंतु त्याचे अणुरेणु स्फटिकाप्रमाणें शिस्तीनें उभे असतात. विजेच्या योगें ही शिस्त पालटतां येते, आणि त्यावरच पडद्यावरील चित्र उमटतें. आमच्या येथील पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदु आहेत आणि प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग आहेत.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यास मार बसून कांच तडकली म्हणजे शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसतो व तो कधीं कधीं दिवसेंदिवस पसरतो. तो आंतील द्रव-स्फटिक जागा सोडून पळाल्याचा परिणाम. त्यावर इलाज नाहीं. बाहेरून शिरलेल्या पाण्याचा डाग हा निराळा. त्या दोन कांचांच्या कडा चोहोंबाजूंनीं लुकणानें पक्क्या बंद केलेल्या असल्यामुळें पाणी त्यांच्यामध्यें जात नाहीं. तें जातें मागच्या पानांत.

हीं पानें कशासाठीं? द्रव-स्फटिक स्वतः प्रकाशत नाहीं. मागून येणारा प्रकाश कोठें सोडावयाचा व कोठें अडवावयाचा एवढेंच तो करितो. तो प्रकाश पुरविण्यासाठीं मागें अ‍ॅक्रिलिकची एक स्वच्छ फळी असते व तिच्या कडेला बारीक दिव्यांची ओळ. आमच्या यंत्रांत ती खालच्या कडेला निघाली. दिव्यांचा प्रकाश फळीच्या कडेनें आंत शिरतो, दोन्ही पृष्ठांवर आपटत आपटत लांबवर जातो, आणि मागील पृष्ठावर जे सूक्ष्म ठिपके कोरलेले असतात त्यांवर आदळून पुढें बाहेर पडतो. फळीच्या मागें पांढरा शुभ्र ताव, पुढें प्रकाश सारखा पसरविणारे दुधी ताव, आणि त्यांच्या जोडीस अतिशय बारीक शिरा काढलेले ताव, जे तिरप्या किरणांस वळवून पाहणाराकडे पाठवितात. हे ताव एकमेकांस चिकटविलेले नसतात. पोथीच्या पानांप्रमाणें नुसते एकावर एक ठेविलेले असतात, आणि त्यांच्यामध्यें असते ती हवा. पाणी येऊन बसतें तें या हवेच्या जागेवर.

परंतु खालून वर तें चढतें कसें? हें केशाकर्षणाचें काम. शाळेंत हा शब्द फळ्यावर लिहिला कीं वर्गांत हमखास हंशा पिके. कारण सभापर्वांत दुःशासनानें द्रौपदीचे केस धरून ओढलें तो प्रसंग मुलांस आठवे. आम्ही त्याचा उपयोग समास शिकविण्याकडे करीत असूं. तेथें केशांचें आकर्षण, हा साधा षष्ठी तत्पुरुष. येथें केसासारख्या बारीक नळीनें केलेलें आकर्षण, म्हणून मधलें पद लोपलेलें. निरांजनाची वात तेल वर ओढते, बादलींत टोंक बुडालेला पंचा वरपर्यंत भिजतो, तें याच न्यायानें. पाण्याचे कण एकमेकांस धरून असतात व जवळच्या पृष्ठासहि धरूं पाहतात. पृष्ठाची ओढ पुरेशी असली म्हणजे पाण्याची कड पुढें सरकते आणि मागील पाण्यास आपल्याबरोबर नेते. फट जितकी अरुंद तितकी ही ओढ भारी.

याचा एक सोपा प्रयोग घरीं करतां येतो. तसबिरीच्या दोन स्वच्छ कांचा घ्याव्या, त्यांच्या एका उभ्या बाजूच्या कडा एकमेकांस टेंकवाव्या, दुसऱ्या बाजूस मध्यें आगकाडी घालावी, आणि दोऱ्यानें बांधून शाईच्या पाण्यानें भरलेल्या ताटलींत उभ्या कराव्या. आगकाडीच्या बाजूस पाणी जेमतेम चढतें, आणि कांचा जसजशा जवळ येतात तसतसें उंच होत जाऊन सुंदर कमानदार रेषा उमटते. गणितांतील एका प्रसिद्ध श्रेढीस ज्याचें नांव आहे त्या ब्रूक टेलरनें इंग्लंडांत १७१२ सालीं हा प्रयोग केला व ती रेषा अपास्त नामक वक्राची असल्याचें नोंदलें. हिशेब असा आहे कीं, स्वच्छ कांचांमध्यें एक मिलिमीटर फट असेल तर पाणी सुमारें दीड सेंटिमीटर चढेल. फट त्याच्या दहाव्या हिश्श्याची केली तर पंधरा सेंटिमीटर. आमच्या पडद्यांतील तावांमधील फटी याहूनहि अरुंद असतील.

प्लॅस्टिकवर पाणी कांचेइतक्या खुषीनें पसरत नाहीं, हें खरें. अळवाच्या पानावर जसे थेंब उभे राहतात तसें नव्हे, पण थोडी नाखुषी असते. ती घालविण्याचें काम आमच्या साबणाच्या दोन थेंबांनीं केलें. साबण पाण्याची आपसांतील ओढ कमी करितो, आणि तेंच पाणी प्लॅस्टिकवर बिनतक्रार पसरूं लागतें. अधिक स्वच्छतेच्या हौसेनें आम्हीं पाण्यास वाटच करून दिली.

आतां डाग हळूहळू कां वाढला? अरुंद फटींतून जाणारें पाणी जसें पुढें जाईल तसा त्याला मागील पाण्याचा घर्षणभार वाढत जातो. एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९२१ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें अंतर दुप्पट व्हावयाचें तर वेळ चौपट लागतो. पहिलें बोटभर अंतर पाणी झटकन जातें. पुढें इतकें सावकाश सरकतें कीं आतां थांबलें असें वाटावें. चौकटीच्या खांचेंत जोंवर पाणी सांठलेलें आहे तोंवर तें थांबत नाहीं. आमच्या खांचेंत पाण्याचा सांठा होता.

पाणी तर स्वच्छ. मग त्याचा डाग दिसावा कां? बुंदीचा लाडू ठेवलेल्या कागदावर तेलकट ठिपका पडतो आणि तेवढ्या जागीं कागदाच्या पलीकडचें दिसूं लागतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. तेथें तेल कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा घेतें व प्रकाशाचें विखुरणें कमी होतें. पडद्यांत तसेंच घडतें. अ‍ॅक्रिलिकच्या आंत फिरणारा किरण पृष्ठाच्या लंबाशीं सुमारें ४२ अंशांहून अधिक तिरपा आदळला आणि बाहेर हवा असली तर तो बाहेर न पडतां आंतच परततो. हवेच्या जागीं पाणी आलें कीं ही मर्यादा सुमारें ६३ अंशांवर जाते. अर्थात् या दोहोंच्या मधले जे किरण पूर्वीं आंत राहिले असते, ते ओल्या जागीं निसटतात. शिरा काढलेल्या तावांत याहून वाईट. पावसांत चाकोऱ्या भरून रस्ता सपाट दिसावा तशा त्या शिरांमधील खांचा भरतात व किरणांस वळविण्याची त्यांची शक्ति बरीचशी जाते. म्हणून कोठें उजळ, कोठें मंद, आणि जागा बदलून पाहिलें तर डागाचें रूपहि बदलतें.

कडेची काळसर रेघ हा आणखी एक प्रकार आहे. पाणी कडेनें सुकतें. कडेचें सुकलें कीं मधलें तिकडे धांव घेतें आणि बरोबर साबण, क्षार, मळ जें असेल तें नेऊन कडेवर टाकितें. कॉफीचा थेंब वाळला म्हणजे मध्यें फिकें आणि भोंवतीं गडद कडें राहतें, तें यामुळेंच. शिकागो येथील रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं याची मीमांसा केली. तोंपर्यंत इतकी रोजची गोष्ट कोणी नीट उलगडली नव्हती, याचें आम्हांस नवल वाटतें. यामुळेंच पाणी आटलें तरी डाग समूळ जाईलच असें नाहीं.

डागापर्यंतच निभावलें तर दैव म्हणावें. कांचेच्या कडेला बारीक तारांच्या लवचिक पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यांवाटे बिंदूंस आज्ञा पोंचतात. तेथें ओल असतां वीज चालू राहिली तर एका तारेचा धातु विरघळून दुसरीवर जमतो आणि झाडाच्या मुळ्यांसारखे त्याचे फांटे वाढत जाऊन दोन तारा जोडल्या जातात. मग पडद्यावर रंगीत रेघा उमटतात आणि त्या कायमच्या. चहा, सरबत, ताक यांत क्षार व आम्ल असल्यामुळें तीं साध्या पाण्याहून घातक. डाग दिसल्यावरहि आमच्या येथें चार दिवस काम चालूच होतें, हें ऐकून कारागिरानें कपाळावर हात मारिला. प्रथम वीज बंद करावी, ज्या कडेनें पाणी शिरलें ती खालीं राहील असें यंत्र उभें ठेवावें, आणि जाणत्यास बोलवावें; केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम झोत मारूं नये, असें त्यानें सांगितलें. आमच्या कुटुंबानें तांदुळांत ठेवण्याचा उपाय सुचविला. परंतु एवढ्या पडद्यास पुरतील इतके तांदूळ आमच्या घरीं नव्हते, आणि मोठाल्या पत्र्याच्या पेटींतील बंद पानांमधली ओल तांदुळांनीं बाहेर यावी तरी कशी! पुसण्याविषयीं त्याचें म्हणणें एवढेंच कीं, पाणी पडद्यावर मारूं नये, फडक्यावर मारावें, आणि फडकें पिळून जवळजवळ कोरडें करावें.

पुष्कळ कारागीर हीं पानें उलगडण्यास तयार होत नाहींत, कारण धुळीचा एक कण आंत राहिला तरी तो पुढें कायमचा दिसतो. आणि नव्या पडद्याची किंमत नव्या यंत्राच्या जवळपास जाते. या तरुणानें आधीं तसें बजावून मग काम हातीं घेतलें. पंखा बंद करविला, एकेक ताव कडेला धरून अलगद उचलला, ओल टिपून कोरडा केला आणि पूर्वींच्याच क्रमानें परत रचला. आतां डाव्या कोपऱ्यांत तांदुळाच्या दाण्याएवढी मंद रेघ राहिली आहे. चिरंजीव म्हणतात, ती दिसत नाहीं. आम्हांस दिसते.

तो गेल्यावर आम्हीं सर्वांस खोलींत बोलाविलें. कारण आरोपहि सर्वांसमक्षच केला होता. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, एवढं मनाला लावून घेऊं नका.” परंतु पडदा आम्हींच भिजविला, आणि नातवानें खरें सांगितलें असतां त्यास खोटा ठरविलें, हें आम्हीं त्यांच्या देखत बोलून दाखविलें. नातू थोडा वेळ जमिनीकडे पाहत उभा राहिला. मग त्यानें विचारलें, “आजोबा, मग आतां तुम्हांलापण आठ दिवस का?”

चिरंजीव त्याच्यावर डोळे वटारूं लागले. आम्हीं त्यांस थांबविलें व शिक्षा मान्य केली. एरवीं हें सदर आम्ही त्या संगणकावर टंकित करून धाडीत असतों. या खेपेस संपादकांच्या हातीं आमच्या अक्षराचे कागद पडतील, त्याबद्दल त्यांनीं क्षमा करावी. आज पांचवा दिवस आहे. नातू काल सायंकाळीं येऊन बसला, परंतु अमर म्हणण्याच्या आधीं त्याला दोन कांचा आणि आगकाडी पाहिजे होती.